वैद्याच्या परवान्याला वेस कशासाठी?

बेळगावाहून वेंगुर्ल्याच्या रस्त्याने निघालेला मनुष्य थोड्याच वेळात शिनोळीस पोचतो, आणि तेथे एक राज्य संपून दुसरे सुरू होते. माती तीच, भातशेती तीच, घराघरांतील बोली तीच. बदलते ते पाटीवरचे राज्याचे नाव. ह्याच रस्त्याने चंदगड तालुक्यातील माणसे बेळगावच्या बाजाराला येतात आणि त्याच पावलांनी बेळगावच्या दवाखान्यांतही येतात. त्यांच्या जिल्ह्याचे ठिकाण जे कोल्हापूर, ते शंभराहून अधिक किलोमीटर दूर आहे, आणि बेळगाव दाराशी आहे. दुखणे अंगावर आलेला मनुष्य जिल्ह्याचा नकाशा पाहून डॉक्टर निवडीत नाही.

रुग्णाने ही वेस ओलांडली तर कायदा त्याला काही विचारीत नाही. परंतु तोच रुग्ण अंथरुणाला खिळला म्हणून, किंवा त्याच्यासारखे दहाजण त्या गावात आहेत म्हणून, बेळगावचा एखादा डॉक्टर आठवड्यातून एक दिवस शिनोळीत जाऊन दवाखाना चालवीन म्हणू लागला, तर त्याला पहिला प्रश्न असा येतो की, तुमचे नाव कोणत्या परिषदेच्या नोंदवहीत आहे? बेंगळूरच्या वहीत आहे ना? मग मुंबईच्या वहीत ते कोठे आहे? त्याची पदवी देशात सर्वत्र मान्य असते, त्याचे ज्ञान दहा किलोमीटरांत कमी होत नाही, आणि ज्या रुग्णावर तो काल टिळकवाडीत उपचार करीत होता तोच रुग्ण आज त्याच्यापुढे असतो. तरीही त्याचा हक्क वाटेत कोठेतरी गळून पडतो. ही व्यवस्था कोणाच्या हिताची, हा आजच्या लेखाचा विषय आहे.

हा प्रश्न सर्व डॉक्टरांना सारखा भेडसावत नाही, हे प्रारंभीच सांगितले पाहिजे. सरकारी डॉक्टर सरकार नेमील तेथे काम करतो. मोठ्या रुग्णालयांच्या पदरी कागदपत्रे सांभाळणारी स्वतंत्र कचेरी असते. खरी अडचण होते ती एकट्याने खासगी व्यवसाय करणाऱ्या डॉक्टराची. सकाळ-संध्याकाळ रुग्ण तपासून, रात्री-अपरात्री हाक आली तर उठून जाऊन, उरलेल्या वेळात त्यानेच पहिल्या परिषदेकडून ना हरकत पत्र आणावयाचे, सद्वर्तनाचा दाखला मिळवावयाचा, पदव्यांच्या प्रती जोडावयाच्या, शुल्क भरावयाचे आणि उत्तराची वाट पाहत बसावयाचे. परवान्याची मुदत पाच वर्षांची असल्यामुळे हा व्याप एकदाच करून सुटका नाही. बेळगावापासून बेंगळूर सुमारे पाचशे किलोमीटर आणि मुंबईही सुमारे तेवढीच. ज्या शहराच्या नशिबी दोन्ही राजधान्या सारख्याच दूर असणे आले, तेथील डॉक्टराने दोन्हींच्या उंबऱ्यावर उभे राहावे, अशी ही तऱ्हा आहे. पुष्कळसे डॉक्टर त्या वाटेला जात नाहीत, आणि त्यांना दोष तरी कसा द्यावा? वेशीपलीकडच्या खेड्याचा मात्र एक डॉक्टर कमी होतो, आणि ही हानी कोणत्याही वहीत नोंदली जात नाही.

ह्या नोंदवह्या आल्या कोठून, हेही पाहिले पाहिजे. इंग्लंडात १८५८ च्या कायद्याने संपूर्ण देशासाठी डॉक्टरांची एकच नोंदवही सुरू झाली. शिकलेला वैद्य कोण आणि भोंदू कोण, हे सामान्य माणसाला कळावे, हा तिचा हेतू होता. आपल्याकडे मुंबई इलाख्यात १९१२ साली वैद्यक कायदा झाला आणि बेळगाव त्या वेळी त्याच इलाख्यात होते. बेळगावचा, कारवारचा, कोल्हापूरच्या शेजारचा, पुण्याचा डॉक्टर एकाच कायद्याच्या छायेत होता. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेला. म्हैसूरने आपला वैद्यक नोंदणी कायदा १९६१ साली केला, महाराष्ट्राने आपला १९६५ साली केला, आणि गोव्याने १९९१ साली. म्हणजे खानापूर, चंदगड आणि सत्तरी हे एकमेकांना लागून असलेले तीन तालुके तीन परिषदांच्या तीन वह्यांत वाटले गेले. रोगाच्या साथींनी मात्र हे वाटप कधीच मान्य केलेले नाही.

विस्मयाची गोष्ट ही की, ज्या १९५६ साली राज्यांच्या सीमा नव्याने आखल्या गेल्या, त्याच वर्षाच्या अखेरीस संसदेने भारतीय वैद्यक परिषदेचा कायदा संमत केला, आणि त्याच्या सत्ताविसाव्या कलमात असे मान्य केले की, अखिल भारतीय नोंदवहीत ज्याचे नाव आहे त्याला आपल्या पात्रतेनुसार देशाच्या कोणत्याही भागात वैद्यकीय व्यवसाय करण्याचा हक्क आहे. कायदा बनविणाऱ्यांच्या दृष्टीपुढे एक देश होता, हे ह्यावरून स्पष्ट दिसते. परंतु त्याच कायद्यात राज्याच्या नोंदवहीत नाव असलेल्यानेच व्यवसाय करावा, असेही कलम होते. राज्यांच्या परिषदांनी ह्या दुसऱ्या कलमाचा हात घट्ट धरला आणि आमच्या राज्यात यावयाचे तर आमच्याच वहीत नाव घाला, असा आग्रह चालू ठेवला. एका हाताने दिलेला हक्क दुसऱ्या हाताने काढून घेतला गेला, आणि साठ वर्षे हे असेच चालले.

कोणी म्हणेल की, राज्यघटनेनेच ही वाटणी केली आहे. तसे नाही. घटनेने सार्वजनिक आरोग्य, रुग्णालये आणि दवाखाने हे विषय राज्यांच्या सूचीत घातले आहेत, हे खरे. परंतु वैद्यकीय व्यवसाय हा विषय वकिलीच्या शेजारी, एकाच नोंदीत, समवर्ती सूचीत बसविला आहे. म्हणजे दवाखान्याची इमारत राज्याच्या अखत्यारीत, पण डॉक्टराची लायकी हा साऱ्या देशाचा विषय. घटनाकारांनी केलेला हा भेद विचारपूर्वक होता, आणि तो नीट लक्षात घेतला तर निम्मा प्रश्न तेथेच सुटतो.

शेजारच्या नोंदीतील वकिलांचेच पाहा. वकिलाचे नावही राज्याच्या बार कौन्सिलाच्या वहीत असते. पण १९६१ च्या ॲडव्होकेट कायद्याच्या तिसाव्या कलमाप्रमाणे त्याला देशभरातील न्यायालयांत उभे राहण्याचा हक्क आहे. ते कलम प्रत्यक्ष अंमलात यावयास १५ जून २०११ हा दिवस उजाडावा लागला. पन्नास वर्षे ते कागदावर झोपून होते, पण अखेर जागे झाले. आज बेळगावचा वकील कोल्हापूरच्या न्यायालयात पक्षकाराची बाजू मांडू शकतो. पक्षकाराच्या मालमत्तेसाठी जो हक्क वकिलाला दिला, तो त्याच माणसाच्या प्राणासाठी डॉक्टराला देताना कोणते संकट कोसळणार आहे? मोटार हाकण्याचा एका राज्याने दिलेला परवाना सर्व देशात चालतो, आणि वाकड्या हाताने हाकलेली मोटार माणसे मारू शकते, हे ठाऊक असूनही चालतो.

ह्या व्यवस्थेतील विसंगती २०२० साली उघड्यावर आली. त्या वर्षीच्या २५ मार्चला, टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, केंद्र सरकारच्या पुढाकाराने दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली. नोंदणीकृत डॉक्टर देशाच्या कोणत्याही भागातील रुग्णाला दूरध्वनीवरून किंवा चित्रसंवादातून सल्ला देऊ शकतो, हे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. काही औषधे अशा सल्ल्यातून लिहून देण्यास मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. पण तत्त्व मान्य झाले. त्याच आठवड्यात केरळ आणि कर्नाटक ह्यांच्या सीमेवर काय चालले होते, ते आठवा. कासरगोडचे लोक पिढ्यान्‌पिढ्या उपचारासाठी मंगळूरला जातात. तो तलपाडीचा रस्ता कर्नाटकाने मातीचे ढीग घालून बंद केला. रुग्णवाहिका परतविल्या गेल्या, काही रुग्ण वेळेवर उपचार न मिळाल्याने दगावले, आणि १ एप्रिल रोजी केरळ उच्च न्यायालयाला तो मार्ग मोकळा करण्याचा आदेश द्यावा लागला. डॉक्टराचा आवाज साऱ्या देशात फिरण्यास मोकळा आणि रुग्णाचे शरीर मात्र मातीच्या ढिगापाशी अडलेले, असे ते दृश्य होते. दूर बसून, नाडीला हात न लावता सल्ला देणे सुरक्षित असेल, तर समोर बसून, छातीला नळी लावून, जिभेचा आणि डोळ्यांचा रंग पाहून दिलेला सल्ला अधिक धोक्याचा कसा ठरतो? ह्याचे उत्तर कोणत्याही परिषदेने द्यावे.

केंद्राने ह्या बाबतीत काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९५६ चा कायदा जाऊन २०१९ चा राष्ट्रीय वैद्यक आयोगाचा कायदा आला आणि सप्टेंबर २०२० पासून आयोग कामास लागला. मे २०२३ मध्ये नोंदणीचे आणि परवान्याचे नवे नियम निघाले. प्रत्येक डॉक्टराला देशभर एकच ओळखक्रमांक, सर्वांची मिळून एक राष्ट्रीय नोंदवही आणि पाच वर्षांच्या मुदतीचा परवाना, अशी त्यांची रचना आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये ह्या नोंदवहीचे संकेतस्थळही सुरू झाले. दिशा चांगली आहे, तिचे आम्ही स्वागत करतो. परंतु क्रमांक देशाचा झाला तरी परवाना देणारा हात राज्याच्या परिषदेचाच राहिला, आणि दुसऱ्या राज्यात काम करावयाचे तर अर्जाची वाट तिकडेच वळते. ज्याची ओळख देशाने एकदा पटवून घेतली, त्याने आपला हक्क पुन्हा वेगळा का मागावा? ओळख एक आणि हक्क अनेक, हा घोळ जोपर्यंत मिटत नाही, तोपर्यंत राष्ट्रीय नोंदवही ही डॉक्टरांची राष्ट्रीय शिरगणतीच राहील.

आता विरोधकांचे म्हणणे ऐकू. ते म्हणतात, परवाना सैल केला की भामट्यांचे फावेल. आक्षेप गंभीर आहे आणि सीमाभागाने त्याचे दुःख भोगले आहे. २०१७ च्या मार्च महिन्यात सांगली जिल्ह्यातील म्हैसाळ येथे ओढ्याकाठी पुरलेली १९ अर्भके सापडली, तेव्हा सारा देश हादरला. तेथे बेकायदा गर्भपात चालत आणि त्या तपासाचे धागे पलीकडे कर्नाटकातही पोचले. पण ह्या भयंकर घटनेचा बोध कोणता? वह्या दोन असल्यामुळे तो गुन्हा थांबला नाही. उलट गुन्ह्याने वेस सहज ओलांडली, आणि तपासणी करणाऱ्यांचा अधिकार मात्र आपापल्या वेशीपाशी संपला. जो कायदा मोडावयास निघालेला असतो तो परवान्यासाठी अर्ज करीत बसत नाही. दोन वह्यांचा काच बसतो तो कायदा पाळणाऱ्यालाच.

वेगळ्या वह्या सुरक्षितता देतात, ह्या समजुतीला परदेशातही मोठा तडा गेला आहे. अमेरिकेतील ऑरेगन राज्याने २००० साली एका शल्यचिकित्सकाच्या शस्त्रक्रियांवर निर्बंध घातले. २००१ साली त्याला न्यूयॉर्क राज्यातील परवाना सोडावा लागला. आणि २००३ साली ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड राज्याने त्याची नोंदणी करून बंडाबर्गच्या सरकारी रुग्णालयात त्याच्या हाती शस्त्र दिले. २००५ साली प्रकरण उघडकीस आले आणि चौकशी बसली. एका वहीतील तांबडी रेघ दुसऱ्या वहीत उमटली नाही, एवढेच त्या अनर्थाचे मूळ होते.

ऑस्ट्रेलियाने त्यानंतर मार्ग बदलला. तेथेही राज्याराज्यांच्या वेगळ्या नोंदी होत्या. सर्व राज्यांनी एकाच धाटणीचा कायदा आपापल्या विधिमंडळात संमत केला आणि २०१० पासून देशभर एक नोंदणी लागू झाली. सिडनीचा डॉक्टर मेलबर्नला गेला तर त्याला पुन्हा नोंद करावी लागत नाही. असे असूनही न्यू साउथ वेल्स राज्याने तक्रारींची चौकशी आपल्याच यंत्रणेकडे ठेवली आहे. म्हणजे वही एक असली तरी चौकशी जवळची राहू शकते, हे प्रत्यक्ष चालून सिद्ध झालेले आहे.

अमेरिकेची गोष्ट निराळी. तेथे डॉक्टराला परवाना देण्याचा राज्यांचा अधिकार १८८९ सालीच सर्वोच्च न्यायालयाने वेस्ट व्हर्जिनियाच्या खटल्यात उचलून धरला. त्या अधिकाराला हात न लावता राज्यांनी आपसांत करार केला आणि तो एप्रिल २०१७ पासून चालू झाला. आज चाळीसहून अधिक राज्ये त्यात आहेत. डॉक्टराचे मूळ राज्य त्याची कागदपत्रे एकदाच तपासते, त्याचे वर्तन निष्कलंक असल्याची ग्वाही देते, आणि तेवढ्या आधारावर इतर राज्ये त्याला आपला पूर्ण परवाना देतात. शिस्तभंगाची माहिती सर्वांना कळवली जाते. ह्या पद्धतीत डॉक्टराला कराराचे सातशे डॉलर आणि शिवाय प्रत्येक राज्याचे शुल्क मोजावे लागते, म्हणून ती जशीच्या तशी आपल्याकडे आणा, असे आम्ही म्हणणार नाही. पण जेथे राज्यांचा अधिकार एवढा पक्का आहे, तेथे वाट निघते, आणि जेथे पदव्यांची मान्यता पूर्वीपासून केंद्राच्या हाती आहे, तेथे ती निघत नाही, ही लाजिरवाणी गोष्ट आहे.

दुसरा आक्षेप राज्यांच्या अधिकारांचा. तो आम्ही मान्य करतो, आणि म्हणूनच वर सांगितलेला घटनेतील भेद पुन्हा पुढे ठेवतो. दवाखाना कोठे आहे, तेथे स्वच्छता आहे की नाही, दराचा फलक लावला आहे की नाही, टाकाऊ सुया-कापसाची विल्हेवाट कशी लावतात, हे पाहणे राज्याचे काम. कर्नाटकाने त्यासाठी २००७ चा खासगी वैद्यकीय संस्थांचा कायदा केला आहे. महाराष्ट्रात शुश्रूषागृहांसाठी १९४९ चा कायदा आहे. सोनोग्राफीच्या यंत्रावर गर्भलिंगनिदानबंदीच्या कायद्याची करडी नजर आहे आणि ती तशीच असली पाहिजे. ह्यांपैकी एकही बंधन सैल करा, असे कोणी म्हणत नाही. शिनोळीत दवाखाना काढणाऱ्या डॉक्टराने महाराष्ट्राचे दवाखान्याविषयीचे नियम पाळावेत, निपाणीत काढणाऱ्याने कर्नाटकाचे पाळावेत. आमचे म्हणणे एवढेच की, जागेची तपासणी जागोजाग करा, पण माणसाच्या लायकीची परीक्षा एकदाच करा.

तिसरी गोष्ट उघडपणे कोणी बोलत नाही, ती आम्ही बोलतो. वही म्हणजे शुल्क, आणि वही म्हणजे परिषदेची प्रतिष्ठा. आपल्या वहीतील नावे घटतील ही भीती अनेकांना आहे. परिषदा डॉक्टरांच्या सोयीसाठी किंवा स्वतःच्या खजिन्यासाठी निर्माण झालेल्या नाहीत. रुग्णाचे रक्षण हा त्यांच्या अस्तित्वाचा एकमेव आधार आहे. तो सुटला की उरते ती नुसती कचेरी.

रुग्णाच्या बाजूनेही सीमेचे राजकारण कमी झालेले नाही. गोव्याच्या बांबोळी येथील वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात सिंधुदुर्गातील लोक वर्षानुवर्षे जात आले. १ जानेवारी २०१८ पासून तेथे परराज्यातील रुग्णांना शुल्क लागू झाले आणि दोडामार्ग-सावंतवाडीकडे केवढा गहजब उडाला, हे सर्वांना आठवत असेल. २०२३ साली महाराष्ट्राने सीमाभागातील ८६५ गावांना आपल्या जनआरोग्य योजनेचा लाभ जाहीर केला, तेव्हा कर्नाटक सरकारने त्याला कडाडून विरोध केला. सीमावादाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयापुढे आहे, आणि त्याविषयी आमची भूमिका वाचकांना नव्याने सांगण्याची गरज नाही. परंतु आजच्या मागणीला त्या निकालाची वाट पाहावी लागत नाही. निकाल कोणताही लागो, कोठेतरी एक वेस राहणारच, आणि तिच्या दोन्ही बाजूंना आजारी माणसे राहणारच. ही मागणी मराठी डॉक्टराची जितकी आहे तितकीच कन्नड आणि कोंकणी डॉक्टराची आहे. जतच्या पूर्वेकडील कन्नड बोलणाऱ्या खेडुताला विजापूरचा डॉक्टर आपल्या गावी हवा असेल, तर त्याच्याही आड कोणी येता कामा नये.

म्हणून आमच्या मागण्या तीन आहेत. पहिली ही की, कोणत्याही एका राज्याच्या परिषदेत ज्याची नोंद आहे आणि ज्याला राष्ट्रीय क्रमांक मिळाला आहे, त्याला देशभर व्यवसायाचा हक्क कायद्याने असावा. दुसऱ्या राज्यात दवाखाना काढताना त्याने तेथील परिषदेला लेखी कळवावे, पण नवी परवानगी आणि नवे शुल्क मागितले जाऊ नये. दुसरी ही की, ज्या राज्यात उपचार झाला त्या राज्याच्या परिषदेला तक्रार ऐकण्याचा आणि शिक्षा करण्याचा पूर्ण अधिकार असावा, आणि तिने केलेली शिक्षा त्याच दिवशी साऱ्या देशाच्या नोंदवहीत दिसावी. हक्क देशभर मागणाऱ्याने जबाबदारीही देशभर स्वीकारली पाहिजे. जो डॉक्टर पहिली मागणी उचलून धरील आणि दुसरीला नाक मुरडील, त्याची बाजू आम्ही घेणार नाही.

तिसरी मागणी भाषेची आहे. रुग्णाला आपली तक्रार आपल्या भाषेत मांडता आली नाही, तर तक्रारीचा हक्क असून नसल्यासारखा. घटनेच्या ३५० व्या कलमाने प्रत्येक माणसाला केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत आपले गाऱ्हाणे अधिकाऱ्यापुढे मांडण्याचा हक्क दिलेला आहे. तेव्हा बेळगावच्या रुग्णाची मराठी तक्रार बेंगळूरने आणि जतच्या रुग्णाची कन्नड तक्रार मुंबईने विनातक्रार स्वीकारली पाहिजे.

सीमाभागातील डॉक्टरांना आमची विनंती आहे की, त्यांनी हा प्रश्न आपल्या धंद्याच्या सोयीचा म्हणून मांडू नये, कारण तसा मांडला तर तो धंद्याचाच समजला जाईल आणि फायलीत पडून राहील. तो चंदगडच्या, खानापूरच्या, जतच्या आणि दोडामार्गच्या रुग्णाचा प्रश्न म्हणून मांडावा. आपापल्या वैद्यक संघटनांच्या शाखांत ठराव करावेत, दोन्ही बाजूंच्या शाखांनी ते एकत्र करावेत, आणि खासदार कोणत्याही पक्षाचा असो, त्याच्या हाती ते द्यावेत. वकिलांना आपल्या हक्कासाठी पन्नास वर्षे लागली. रुग्णाजवळ एवढी वर्षे नसतात.